सिस्टर इग्नासियाचं आर्थिक नियोजन

एन्विगादो, ९ फेब्रुवारी

आदरणीय सिस्टर इग्नासिया यांस,

तुमचं दोन ओळींचं पत्र पोचलं. लिहिलंत एवढंच: आमचं ननांचं घर बंद होत आहे, जुलैअखेर सेंट इग्नेशियसच्या सणापर्यंत निर्णय कळवायचा आहे, प्रार्थना कर. खाली सही. अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहिलेलं पत्र म्हणून ते फारच आटोपशीर होतं. नाताळची छापील कार्डं मी पत्रांत धरत नाही.

प्रार्थना केली. मग चौकशीही केली, कारण नुसत्या प्रार्थनेवर थांबायचा माझा स्वभाव नाही हे तुम्हाला… हे बघ, धाकट्या बहिणीला 'तुम्ही' लिहिताना माझं पेन अडखळतं. यापुढे मी 'तू'च लिहिणार. तुमच्या मदर सुपीरियर हे पत्र आधी वाचत असतील तर त्यांनाही माझा नमस्कार.

चौकशीत कळलं ते असं. डोंगरावरच्या तुमच्या घरात आता मोजक्याच जणी उरल्या आहेत आणि छप्पर गळतं. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. बोगोताजवळच्या म्हाताऱ्या ननांच्या घरात जाऊन राहायचं, किंवा परवानगी काढून बाहेर राहायचं. म्हाताऱ्यांच्या घरात तुला पाठवणं म्हणजे चालतं घड्याळ पेटीत बंद करून ठेवणं. बाहेर राहायचं तर खायचं काय? अडतीस वर्षं तू शाळेत शिकवलंस, स्वयंपाकघर सांभाळलंस, पण ते देवाचं काम, म्हणून पेन्शनसाठी तुझ्या नावावर एका आठवड्याची वर्गणीही कुणी भरली नाही. कायद्याला तेराशे आठवडे लागतात. देवाचे आठवडे तो मोजत नाही.

आता माझी बातमी. मी कॉलेजात जाते. नगरपालिकेच्या कॉलेजात साठीच्या पुढच्यांना संध्याकाळच्या वर्गात फुकट जागा देतात. गल्लीतल्या इतर बायकांनी मातीकाम आणि योगासनं घेतली, मी वित्त घेतलं. तुला आठवत असेल, आपल्या ननांच्या शाळेत सिस्टर एउफेमिया म्हणायच्या की मुलींना घरखर्चापुरती बेरीज आली की पुरे. माझी बेरीज त्याहून थोडी जास्त होती, पण सतराव्या वर्षी मी कापडगिरणीच्या ऑफिसात लागले आणि पुढे तू नन झालीस. दोघींपैकी एकीला देव मिळाला, एकीला गिरणी. माझी तक्रार नाही. गिरणीने पेन्शन दिली.

तर यंदा आम्हाला वैयक्तिक आर्थिक नियोजन हा विषय आहे. वर्षभर एक खरं माणूस घ्यायचं. त्याच्याकडे काय आहे, त्याला काय लागतं, त्याला काय हवं आहे, आणि आहे तिथून हवं तिथे कसं पोचायचं, हे मांडायचं. नोव्हेंबरमध्ये तोंडी परीक्षा. माझ्या शेजारी बसते ती लेइडी, एकोणीस वर्षांची, तिने आपली आई घेतली आहे. मी तुला घेते. मला तुझी गरज आहे असं समजू नकोस, अभ्यासक्रमाला आहे.

सोबत कागद पाठवते. खरंखरं भर. खोटं बोलायला तुला बंदीच आहे, त्यामुळे तू फार सोयीची ग्राहक आहेस.

गिल्मा

*

एन्विगादो, ६ मार्च

प्रिय सिस्टर,

कागद मिळाला. इतका स्वच्छ कागद आमच्या प्राध्यापकांनी पाहिला नव्हता. उत्पन्न शून्य, खर्च शून्य, मालमत्ता नाही, कर्ज नाही. विल्मर सर (वय चौतीस, शर्टाला इस्त्री नाही, पण शिकवतात चांगलं) तो उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "डोन्या गिल्मा, ही बाई आहे की संत?" मी म्हटलं, दोन्ही नाही, माझी बहीण आहे.

एका रकान्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली. ग्राहकाची जोखीम घ्यायची तयारी किती? तू तिथे 'कमी' असं लिहिलंस. लेइडी पेन चावत म्हणाली, "सगळं सोडून, न दिसणाऱ्याच्या भरवशावर विसाव्या वर्षी निघून गेली, आणि म्हणे कमी! डोन्या गिल्मा, ही तर आपल्या वर्गात सगळ्यात वरची." सगळे हसले. सरांनी तुझं उत्तर खोडून 'अति' लिहिलं. मला मनातून बरं वाटलं, का ते माहीत नाही.

'उद्दिष्टं' हा रकाना मात्र तू कोरा ठेवलास. पेन टेकवून उचलल्याची खूण दिसते. काळजी करू नकोस. तो मी भरते. तुला काय हवं ते तुझ्याआधी मला कळायचं, लहानपणापासून.

इकडे सगळं ठीक. आल्बेइरोला जाऊन, मला विधवा होऊन, मेमध्ये चार वर्षं होतील. तू तेव्हा कार्ड पाठवलं होतंस. घर मोठं वाटतं, पण मी दिवसभर बाहेर असते, त्यामुळे कळत नाही.

गिल्मा

*

एन्विगादो, २५ एप्रिल

प्रिय सिस्टर,

पवित्र आठवडा आटोपला आणि तुझं नियोजनही. सोबत पूर्ण प्रत आहे. वाचताना खुर्चीत बस.

थोडक्यात सांगते. तू इथे राहायला येतेस. आईची खोली तुझी. भाडं नाही. राजमा दोघींचा शिजवायचा म्हणजे एका वाटीऐवजी दीड वाटी, त्याने माझ्या पेन्शनला काही धक्का लागत नाही. आजारपणाची सोय पालिकेच्या योजनेत. कपडे माझे तुला होतील, थोडे आत घ्यावे लागतील. उद्दिष्टं या रकान्यात मी लिहिलं आहे: सुरक्षित आणि शांत म्हातारपण, आपल्या माणसांत. आकडे इतके नीट बसले की मी दोनदा तपासले, कुठे चुकलं तर नाही ना म्हणून.

खोलीला रंग दिला आहे. रंग तसाही द्यायचाच होता. पलंगही नवा आणला, कारण जुन्याला वाळवी लागली होती. खिडकीतून पेरूचं झाड दिसतं. आपण दोघी त्या खोलीत एका चादरीत झोपायचो आणि तू माझ्या पोटऱ्यांना थंडगार पाय लावायचीस. ओरडले की म्हणायचीस, मी झोपेत आहे, मला माहीत नाही.

आई त्याच खोलीत गेली. तू आलीस तेव्हा दफन होऊन गेलं होतं. बरोबर दुसरी एक नन होती. तू पुढच्या दालनात पाहुण्यांच्या खुर्चीत बसलीस, कॉफी प्यायलीस आणि चारच्या बसने परत गेलीस. मी एवढंच विचारलं होतं की आजची रात्र राहतेस का. परवानगी नाही, म्हणालीस. ते जाऊ दे. मी हे उगाळण्यासाठी लिहीत नाही. खोलीत आता तसं काही उरलेलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

पहिल्या पानावर खाली सही करून पाठव. सरांना मे महिन्यात दाखवायचं आहे.

गिल्मा

*

एन्विगादो, २० मे

सिस्टर इग्नासिया,

तुझं पत्र मिळालं. सहीची जागा कोरी. तू लिहिलेलं मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तुलाही कळेल ते कसं दिसतं. "अडतीस वर्षं मी दुसऱ्याने नेमून दिलेल्या खोलीत राहिले. ते मी स्वतः निवडलं होतं. आता तू नेमून दिलेल्या खोलीत का येऊ?"

मला राग आला हे कबूल करते. रंगवलेल्या खोलीचं दार मी बंद केलं आणि दोन दिवस उघडलं नाही. लोक बहिणींना दारात उभं करत नाहीत, मी पलंग आणला. आणि तू मला मदर सुपीरियरच्या रांगेत नेऊन बसवलंस.

तुझ्या सहीशिवायच सरांना दाखवलं. म्हटलं, आकडे तर बघतील. त्यांनी सावकाश पानं उलटली. म्हणाले, हिशेब चोख आहे, वर्गात सगळ्यात चोख. मग बोट ठेवलं. "पण डोन्या गिल्मा, हा उद्दिष्टांचा रकाना तुमच्या अक्षरात आहे."

मी म्हटलं, तिने कोरा सोडला होता.

"मग कोराच ठेवायचा," ते म्हणाले. "हे नियोजन छान आहे, पण ते तुमचं आहे. तुम्हाला घरात कुणीतरी हवं आहे."

चौतीस वर्षांचं पोरगं. मी फाइल उचलली आणि लेइडीला वाटेत सोडायचं ठरलं होतं तेही विसरून घरी आले.

सण दोन महिन्यांवर आला. इथे येणार नाहीस, म्हाताऱ्यांच्या घरात जाणार नाहीस, हातात पैसा नाही, नावावर आठवडे नाहीत. मग करणार काय? मी रकाना खोडला आहे. एक ओळ लिही. तुला काय येतं, काय हवं, काहीही. पण तू लिही.

गिल्मा

*

एन्विगादो, ९ जुलै

नेली,

हे तुझं नन होण्याआधीचं नाव लिहून किती वर्षं झाली. पण तू पत्राखाली तेच लिहिलंस, तेव्हा मीही लिहिते.

आधी माझी चूक. 'ग्राहकाचं कौशल्य' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं आणि तू त्याच्यावरच चिडलीस, खोलीपेक्षाही जास्त. बरोबर आहे. डोंगरातल्या झाडून सगळ्या चर्चना मिस्सेच्या ओस्त्या, त्या पिठाच्या पातळ पवित्र चकत्या, तूच करून पाठवतेस हे मला ठाऊक होतं. ते काम आहे असं मात्र कधी डोक्यात आलं नाही. आपल्याकडे नन जे करते त्याला कुणी काम म्हणत नाही, आणि मीही आपल्याकडचीच. शाळेत मधल्या सुट्टीत आपण ओस्त्यांची कातरणं कागदाच्या पुडीत घेऊन खायचो. ती कुणाच्या हातची असतील हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तू लिहितेस की पत्रे तापवून पीठ ओतायचा जुना साचा तुला घेऊन जायला दिला आहे. म्हणजे भांडवल आलं. पण पुढची ओळ वाचून मी हताश झाले. "किंमत कशी सांगणार? लोक देतील ते घ्यायचं." नेली, देतील ते म्हणजे काय? तर मी आपल्या फादर ओक्ताव्हियोंकडे गेले. ते म्हणाले, ननांना ते नेहमी दान देत आले आहेत. कधी मेणबत्त्या, कधी कोंबडी, नाताळात थोडं जास्त. मी म्हटलं, "फादर, वीज कंपनी कोंबडी घेत नाही."

ते हसले, पण खिशाकडे हात गेला नाही. शेजारची डोन्या रुबिएला तिथेच फुलं लावत होती. तिने लगेच क्रुसाची खूण केली आणि मला ऐकवलं की येशूच्या शरीरावर नफा काढणारी बाई तिने या गल्लीत पहिल्यांदा पाहिली. मी तिला सांगितलं, मिस्सा होईपर्यंत ते पीठ आणि पाणी असतं, आणि पीठ दुकानदार फुकट देत नाही. हे मला ननांनीच शिकवलंय. फादरना मान डोलवावी लागली. शेवटी त्यांनी विचारलं, किंमत काय. मी सांगितली. त्यांनी घासाघीस केली नाही, उलट शेजारच्या दोन चर्चची नावं दिली. तेव्हा आता तुला ती किंमत मोठ्याने म्हणता आली पाहिजे. आरशासमोर म्हण. तुमच्याकडे आरसा नसेल तर भांड्यासमोर म्हण.

राहता राहिलं ते खुर्चीचं. तू लिहितेस की आई गेली त्या दिवशी पाहुण्यांची खुर्ची तू निवडली नव्हतीस, मी बोट करून दाखवली होती. आणि त्यानंतर तुला राहण्याची परवानगी मागावीशीच वाटली नाही. मला ते आठवत नाही. पण तू खोटं लिहिणार नाहीस.

उद्दिष्टाचं अजून माहीत नाही म्हणतेस. बरं. तो रकाना मी हाताखाली झाकून ठेवला आहे.

गिल्मा

*

एन्विगादो, १० ऑगस्ट

नेली,

सण झाला, वर्षाची परवानगी मिळाली, आणि तू माझ्यापासून दोन स्टेशनांवर साबानेतात भाड्याने राहतेस. तरी मी पत्र लिहिते आहे. फोनवर आपण दोघी लगेच भांडतो, आणि तू अजून मला घरी ये म्हणाली नाहीस.

नोटरीच्या ऑफिसात तुझे केस पाहिले. विसाव्या वर्षी झाकले तेव्हा काळेभोर होते. मला वाटत होतं आतमध्ये ते तसेच असतील. तू सही करायला वाकलीस आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

त्यानंतर मी केलेल्या सहीविषयी एकदा लिहून ठेवते, मग पुन्हा बोलायचं नाही. घरमालकिणीने तुला सांगितलं की स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार आण, नाहीतर खोली नाही. तू मला विचारलंस. आजवर तू माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट, आणि मागतानाही पहिल्यांदा म्हणालीस, "नाही म्हटलंस तरी मी समजेन." आमच्या वर्गातला पहिला धडा असा आहे की कुणाला जामीन राहू नये, सख्ख्या भावंडाला तर मुळीच नाही. ते मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले आहेत. लेइडीला कळल्यावर ती म्हणाली, "डोन्या गिल्मा, म्हणजे तुमचीसुद्धा जोखीम अति."

तू भाडं चुकवणार नाहीस. फादरचे पैसे आले का? पहिल्यांदा किंमत सांगितलीस तेव्हा आवाज फुटला का? हे मला नियोजनासाठी हवं आहे.

आईच्या खोलीत मी आता अभ्यासाला बसते. पेरूचा वास येतो.

गिल्मा

*

एन्विगादो, २४ नोव्हेंबर

नेली,

काल तोंडी परीक्षा संपताच तू इतक्या घाईने निघून गेलीस की मला बोलताच आलं नाही. संध्याकाळपर्यंत ओस्त्या पोचवायच्या होत्या हे ठीक, पण परीक्षेच्या खोलीबाहेर दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं? बहुतेक तूही माझ्याइतकीच घाबरलेली होतीस. तेव्हा उत्तर लिहून पाठवते.

मी घाबरत नाही असं सगळ्यांना सांगत होते. तीन परीक्षक, त्यात एक बँकेतल्या बाई, ओठ घट्ट मिटलेल्या. उत्पन्न, खर्च, अडीअडचणीची शिल्लक, पेन्शनऐवजी आता सुरू केलेली बचत, सगळं मी न अडखळता सांगितलं. जामिनकीवर त्या बाईंनी मला चांगलंच धरलं आणि एक गुण कापला. मी वाद घातला नाही. त्यांचं बरोबर होतं.

मग विल्मर सरांनी शेवटचं पान वर धरलं आणि तुझ्याकडे वळले. "सिस्टर, सगळं भरलंय, उद्दिष्टाचा रकाना तेवढा कोरा. वर्षभरात तुम्हाला काय साधायचं आहे?"

मला वाटलं तू शांती म्हणशील, किंवा देवाची इच्छा. तू पिशवी मांडीवर धरून बसली होतीस. म्हणालीस, "रविवारी बहिणीला जेवायला बोलवायचंय. माझ्या खोलीवर. बाजार माझ्या पैशाचा."

बँकेतल्या बाईंनी विचारलं, "एवढंच?"

"अडतीस वर्षांत मी कुणाला जेवायला बोलावलेलं नाही, बाई," तू म्हणालीस. "जिथे राहत होते तिथलं ताट माझं नव्हतं."

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. सर माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी कागद गोळा केले आणि एक खाली पाडला, तोही लेइडीने उचलून दिला.

तुझ्या अक्षरात तो रकाना भरून घ्यायला हवा, नाहीतर कॉलेज फाइल घेत नाही. ते मी तुझ्याकडे आले की करू.

आपल्याकडे कुणी रिकाम्या हाताने जेवायला जात नाही. आईने शिकवलंच आहे तसं. म्हणून आज सकाळी मी केक आणला, मग दोन चांगल्या ताटल्या बांधल्या, कारण तुझ्याकडे किती आहेत मला माहीत नव्हतं, मग अर्धा किलो कॉफी, मग वाटलं की राजमा घरूनच शिजवून न्यावा, तुझा साचा तापायचा आणि राजमा शिजायचा हे एकाच शेगडीवर कसं जमणार. पिशवी दारापाशी ठेवली. तिच्याकडे बघत गुळाचं गरम पाणी प्यायले. मग पिशवी उचलून डोन्या रुबिएलाकडे देऊन आले. तिने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, असंच.

रविवारी मिस्सा झाली की येते. जे शिजवशील ते जेवेन, मीठ कमी असलं तरी बोलणार नाही. ताटली एकच असेल तर आधी तू जेव.

मी हात हलवत येणार आहे.

तुझी,
गिल्मा